मापबाई

कारखान्यात ती आली ती दोरे कापायला. शिवून झालेल्या झग्यांचे लोंबते दोरे छोट्या कात्रीने तोडायचे, आतून-बाहेरून हात फिरवायचा आणि झगा पलीकडे इस्त्रीवाल्याच्या ढिगात टाकायचा, एवढंच काम. तिथे फक्त बायकांचे उन्हाळी झगे व्हायचे. पातळ सुती कापड, त्यावर छापलेली फुलं, पानं, ठिपके, कधी लिंबाच्या फोडी. बिनबाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे, फुंकर मारली तरी हलतील असे झगे. लोक ते घालायचे उन्हात, पण ते शिवले जायचे थंडीत, म्हणजे ऊन लागायच्या आत माल दुकानात पोचलेला असायचा.

एका थंडीत कटिंग मास्तरांनी नव्या घाटाचा नमुना शिवला. लाकडी पुतळ्यावर तो झकास दिसला, पण दुकानदारांनी परत पाठवला. पुतळा हात वर करत नाही, खाली बसत नाही, मग काखेत कुठे ओढतं ते कळणार कसं? मालकीणबाईंनी दोरे कापणाऱ्या सगळ्याजणींना रांगेत उभं केलं आणि तो नमुना एकीच्या अंगातून काढून दुसरीच्या अंगात घातला, चपलेच्या दुकानात एकच जोडी दहा पायांत फिरते तसा. कुणाला खांद्यावर ढगळ झाला, कुणाच्या छातीवर बटण लागेना. तिची पाळी आली तेव्हा मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती एक चक्कर फिरले, आणि त्यांनी एकही टाचणी लावली नाही. मालकीणबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही बाजूला ठेवा," म्हणाल्या.

तेव्हापासून ती मापबाई झाली. मधल्या मापाचा प्रत्येक झगा आधी तिच्या अंगावर बसायचा, मग त्याचा पुठ्ठ्याचा साचा कापला जायचा, आणि त्यावरून लहान-मोठी मापं काढली जायची. तिला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो कुणाला दिसू नये एवढंही शहाणपण होतं. उन्हाळ्यात बाजारात गेली की समोरून अनोळखी बायका तिचे खांदे, तिची कंबर घालून यायच्या. एखादी श्रीमंताघरची मुलगी मोटारीतून उतरायची, आणि हिला पाठीकडूनच कळायचं, हा आपल्याच अंगावरून उतरलेला. त्या मुलीने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही तरी हिच्या मनाला गुदगुल्या व्हायच्या. आई-बाप लवकर गेलेले, काकांच्या घरी उरलंसुरलं खाऊन वाढलेली ही मुलगी. जगात आपल्यासारखं कुणी आहे असं तिला पहिल्यांदाच वाटलं होतं.

काम मात्र दिसतं तितकं सोपं नव्हतं. थंडीच्या दिवसांत, जिन्याचा वारा थेट आत येणाऱ्या खोलीत, ती उघड्या हातांनी तासन् तास उभी राहायची. अंगावर कापडाचा एक पदर, त्यालाही टाचण्या. शहारा आला तर घेर हलायचा, आणि मास्तर दातांतल्या टाचण्यांमधूनच म्हणायचे, "काटा मोडा." अंगावरचा काटा हुकमाने मोडायला ती शिकली. टाचणी कातडीत शिरली तरी आवाज करायचा नाही हेही शिकली. एकदा पांढऱ्या झग्यावर रक्ताचा ठिपका पडला, तर धुलाई तिच्या पगारातून गेली.

मास्तरांनी तिच्याशी लग्न केलं. मास्तर वयाने बरेच मोठे, कमी बोलणारे, हाताचे इतके हुशार की डोळे मिटून कापडाचा उभा-आडवा धागा सांगत. कारखान्यात सगळ्यांना आनंद झाला. इस्त्रीवाला तेवढा म्हणाला, "मास्तरांनी कसलं लग्न केलंय? टेप घरी नेली, एवढंच." ती त्यावर हसली होती. नवं लग्न होतं, हसू यायचं.

इस्त्रीवाल्याचं बोलणं खरं होतं हे महिन्याभरात कळलं. मालकीणबाईंनी मास्तरांना बजावलं होतं की आता हे माप तुमच्या घरी राहतं, तेव्हा त्याची जबाबदारी तुमची. सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर तिला खिडकीपाशी उभी करायचे आणि छाती, कंबर, सीट मोजायचे. रागावायचे कधीच नाहीत. मोजलेला आकडा फक्त आईला सांगायचे. सासूबाई दारात उभ्या असायच्या. आकडा केसभर वाढला की आठवडाभर तिच्या पानातला भात निम्मा व्हायचा. दुधावरची साय, तळलेलं, गोड हे तर तिच्यासाठी नव्हतंच. घरी पाहुणे आले आणि तिच्यापुढे ताटली सरकवली, तर सासूबाई हसून ती उचलून घ्यायच्या आणि सांगायच्या, "तिच्या पोटावर आमचं पोट आहे." पाहुण्यांना ही मोठी मजेची गोष्ट वाटायची.

पहिल्यांदा दिवस गेले ते ऐन थंडीत. तिने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी मालकीणबाईंना. मालकीणबाईंनी तिला आत बोलावून खुर्चीवर बसवलं, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. "मूल काय, पुढच्या वर्षीही होईल," त्या म्हणाल्या. "गेलेली ऑर्डर येत नाही." मास्तर तिला एका डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेले. चौथ्या दिवशी ती पुन्हा टाचण्या लावून उभी होती, आणि मास्तरांनी मापात फरक पडला नाही म्हणून समाधानाने मान हलवली. दोन वर्षांनी पुन्हा तेच घडलं. या वेळी तिने महिनाभर कुणाला सांगितलंच नाही, पण टेपने सांगितलं. तिसऱ्यांदा तशी वेळ आली नाही. तिने वाट पाहिली, पुष्कळ वर्षं पाहिली. पुढे शेजारणी येऊन बसल्या की तिच्या देखतच सासूबाई म्हणू लागल्या, "आमच्या घरात शिवणाऱ्यांची कमी नाही हो. दुपटं शिवायची पाळी तेवढी आली नाही." डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दिवशी डबा भरून देणारी हीच बाई होती.

असं करता करता तिची चाळिशी आली. शरीर काही मालकीणबाईंच्या पगारावर नव्हतं. कंबर आधी बोटभर सुटली, मग दोन बोटं. तिने रात्रीचं जेवण सोडलं, सकाळचा पाव सोडला, जिने चढली-उतरली. तोंड सुकलं, मानेची हाडं वर आली, कंबर मात्र ढिम्म. तेव्हा तिने कचऱ्यात पडलेले कापडाचे काठ गोळा केले, त्यांची लांब पट्टी शिवली आणि शमीजच्या आत कमरेला आवळून बांधली. गाठ डाव्या कुशीत मारली. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, श्वास छातीच्या वरच्या टोकाशी येऊन थांबायचा, पण झगा बसायचा.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माप घेतलं. टेप कमरेभोवती फिरली आणि त्यांची बोटं डाव्या कुशीत, गाठीवर आली. थांबली. कापडाचा धागा न पाहता ओळखणारी बोटं ती, त्यांना गाठ कळणार नाही? तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांनी टेप गाठीच्या जरा वर सरकवली, नेहमीचा आकडा मोठ्याने सांगितला आणि पुढचा नमुना मागवला. तिला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे भरले. वीस वर्षांत यांनी आपल्यासाठी एक तरी गोष्ट केली, असं तिच्या मनात आलं. पुढची सगळी थंडी त्यांचं बोट रोज त्या गाठीला लागत होतं आणि रोज ते जरा वर सरकत होतं.

त्याच वर्षी मालकीणबाईंनी आणखी एक काटकसर काढली. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, उद्या झगा उसवून सैल करता यावा म्हणून, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. मालकीणबाईंनी माया निम्म्याने कमी करायला सांगितली. एका ताग्यात जास्त झगे निघू लागले. मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

झगा सुंदर होता. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं, कमरेत चपखल, खाली भरपूर घेर. पहिलं ऊन तापलं आणि दुकानांतून तो हातोहात गेला. मग परत येऊ लागला. झगा घालून उभं राहिलं तर छान, पण बसलं की श्वास कोंडायचा, हात वर केला की काखेपासून कमरेपर्यंत शिवण उकलायची. ज्या अंगावर तो बेतला ते आवळलेलं होतं, श्वासाला फुगत नव्हतं; आणि आत माया नाही, त्यामुळे सैल करायची सोय नाही. एक बाई स्वतः कारखान्यात आली. बसमध्ये दांडी धरायला तिने हात वर केला आणि भर गर्दीत तिची सगळी कूस उघडी पडली होती. तिने तो झगा मालकीणबाईंच्या टेबलावर फेकला आणि जे बोलायचं ते बोलून गेली. गठ्ठ्यांवर गठ्ठे दाराशी येऊन पडले. ज्या बायकांच्या अंगावर आपलेच खांदे पाहून मापबाई सुखावायची, त्या सगळ्या आता तिच्या नावाने बोटं मोडत असतील, असं तिला वाटलं. तिने दोन दिवस पाणीसुद्धा नीट घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी सगळी यंत्रं बंद करायला लावली. सगळ्यांना कटिंगच्या लांब टेबलाभोवती बोलावलं आणि मापबाईला टेबलावर चढायला सांगितलं. परत आलेला एक झगा तिला घालायला दिला. तो बसला. मालकीणबाई तिच्याभोवती फिरल्या, मग कमरेत दोन बोटं खुपसून त्यांनी चाचपलं.

"काढ," त्या म्हणाल्या.

तिने झगा काढला. इतक्या माणसांत ती शमीजवर उभी राहिली. पुरुषही होते. मालकीणबाईंनी शमीज एका बाजूने वर उचलली, आणि रंगीबेरंगी काठांची ती पट्टी सगळ्यांना दिसली. तिच्या घामाने ती मळकी झाली होती.

"मास्तर, गाठ सोडा."

मास्तर पुढे आले. गाठ घामाने आवळलेली, सुटेना. त्यांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि पट्टी कापली. पट्टी पायांपाशी पडली आणि पोट सैल होऊन पुढे आलं, दमलेलं, लाल वळ उठलेलं पोट. इस्त्रीवाला आधी हसला. तो हसला म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला.

मालकीणबाईंनी तोच झगा पुन्हा घालायला लावला. बटणं लागेनात, तेव्हा काजं करणाऱ्या बाईला वर चढवून तिच्याकडून ओढून लावून घेतली. मग हात वर करायला सांगितलं. दोन्ही बाजूंची शिवण एकदमच उकलली. तो आवाज टेबलाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेला.

मालकीणबाई मास्तरांकडे वळल्या. रोज माप घेता, घरी एका छपराखाली राहता, तुम्हाला हे कळलं नाही का, असं त्यांनी विचारलं.

मास्तरांनी कात्री जागेवर ठेवली. "बाईमाणसाच्या कपड्याआड काय असतं," ते म्हणाले, "ते मी कसं पाहणार?"

आता मात्र हशाचा नुसता फवारा उडाला. नवऱ्याने हे म्हणावं याची गंमत सगळ्यांना कळली. मास्तरांना ती कळली नाही. ते खाली मान घालून टेबलावरचे कापडाचे तुकडे गोळा करत राहिले. ती त्यांच्याकडे पाहत होती. वीस वर्षं तिने टाचणी टोचली तरी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं.

"गाठ यांच्या बोटाला रोज लागत होती," ती म्हणाली.

हसणं थांबलं. मालकीणबाईंनी एकदा मास्तरांकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. त्यांना खरं काय ते उमगलं होतं, हे तिला वरून स्पष्ट दिसलं. पण असा हात असलेला मास्तर गावात दुसरा नव्हता, आणि काम मागायला बाया दारात रोज उभ्या असत. शिवाय माया कुणी कमी करायला लावली हा प्रश्नही त्याच वाटेने पुढे आला असता. "खाली उतर," त्या म्हणाल्या. "आपलं पाप नवऱ्याच्या माथी मारतेस? दुसरं कुणी असतं तर तुला हाकलून दिलं असतं." आणि यंत्रं पुन्हा सुरू झाली.

तिला मागच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं. परत आलेला प्रत्येक झगा उसवायचा, कुशीत त्याच कापडाची तिकोनी कळी जोडून बसवायची आणि पुन्हा शिवायचा. पगार पुन्हा दोरे कापणारीचा. मास्तर घरी तिच्याशी पूर्वीही कमीच बोलत, आता तेही बंद झालं. राग नव्हता तो. सुट्टीच्या सकाळी टेप घेऊन खिडकीपाशी उभं राहायचं कारण उरलं नाही, आणि त्याखेरीज तिच्याशी काय बोलायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

पानातला भात मात्र तेवढाच राहिला. पहिले काही दिवस तिला वाटलं, सवयीने होत असेल. मग एके दुपारी तिने धीर करून सासूबाईंना म्हटलं, "आता तरी पोटभर वाढा."

सासूबाईंना खरंच नवल वाटलं. "आता कशाला? अंगावर घर चालत होतं तेव्हा अर्धपोटी राहिलीस. आता अंगाचं काही काम उरलं नाही, तर खाऊन करणार काय?" असं म्हणून त्यांनी भाताचं पातेलं झाकलं. घर सोडून जावं असं तिच्या मनात येऊन गेलं, पण जायचं कुठे? काका वारले होते, आणि चुलतभावांनी तिला लग्नानंतर एकदाही विचारलं नव्हतं.

पुढची थंडी जवळ आली तशी मालकीणबाईंना नवी मापबाई हवी झाली. मास्तरांनीच ती आणून दिली. ती त्यांच्या बहिणीची मुलगी, एकोणीस वर्षांची, हसरी, गालाला खळी पडणारी, सतत काहीतरी चघळणारी. बहिणीला चार मुली, त्यामुळे घरातलं एक तोंड कमी झालं तर तिला हवंच होतं. भाची मामाच्या घरी राहायला आली आणि झगा तिच्या अंगावर असा बसला की मालकीणबाई कित्येक महिन्यांनी हसल्या. तिला शिकवायचं काम मापबाईवर आलं. कसं उभं राहायचं, हात अंगापासून किती सुटे धरायचे, टाचणी लागली तर श्वास कुठे अडवायचा, सगळं तिने शिकवलं. पोरगी गुणी होती. शहारे मोडायलाही चटकन शिकली.

डबा खायच्या सुट्टीत भाची जिन्याखाली तिच्याजवळ येऊन बसायची. आईने गावाहून आठवड्याचे गोड पाव पाठवलेले असायचे, लोणी लावलेले. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मामी, मला काय काय सोडावं लागेल?"

मापबाईच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. हे काम सोड, आईकडे जा, हेच ते उत्तर. तिने मुलीच्या हातातल्या पावाकडे पाहिलं. लोणी कडेने ओघळत होतं.

"अर्धाच खायचा," ती म्हणाली. "उरलेला माझ्याकडे दे. तुझ्याजवळ राहिला तर मोह होईल."

भाची वर कामाला गेली की ती अर्धा पाव खायची. सावकाश, बोटं चाटून, जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून. थोड्या दिवसांनी तिने भाचीला सांगितलं की मामांच्या टेपवर तुझा आकडा वाढतोय, आता पाव तुकडाच खा. आकडा वाढला नव्हता. पोरीने एक तुकडा तोडून घेतला आणि बाकीचा पाव तिच्या ओंजळीत ठेवला. "मामी, तू होतीस म्हणून बरं," ती म्हणाली. "माझी इतकी काळजी कुणीच करत नाही." थंडी सरत आली तोवर भाचीच्या गालांची खळी बुजली होती, आणि एकदा ती टाचण्यांसकट टेबलाशी कोसळली होती. मास्तरांनी तिला पाणी दिलं, टाचण्या नीट केल्या आणि काम पुढे नेलं. मापबाईचं अंग मात्र भरलं. गळ्याची हाडं झाकली गेली, चेहऱ्यावर तुकतुकी आली.

काजं करणाऱ्या बाईने हे सगळं पाहिलं होतं. ती एकदा पावाच्या वेळीच जिन्याखाली आली आणि म्हणाली, "पोरीच्या तोंडचा घास खातेस. देवाला तरी भी."

मापबाईने तोंडातला घास पुरता चावला, गिळला. "माझ्याही तोंडचा कुणीतरी खातच होतं," ती म्हणाली. "तेव्हा तू माझी बटणं ओढून लावत होतीस."

काजंवाली वर निघून गेली. मापबाईने हात अंगावरच्या कपड्याला पुसले, लोण्याचा डाग कापडाला लागू नये म्हणून पुन्हा एकदा पुसले, आणि ढिगातला पुढचा झगा ओढून उसवायला घेतला.